आधी ओलं कर

आई, उद्या सकाळी पप्पांना घेऊन तुझ्या माहेरी निघायचंय, आणि ते माझ्या गाडीत बसतील की नाही हे अजून ठरलेलं नाही. जायचं ठरलंय. मावशी फोनवर इतकी मागे लागली की शेवटी पप्पा 'बरं, येतो' म्हणाले. तू गेल्यापासून त्यांनी घाट पाहिलेला नाही. पण कशातून जायचं यावर सगळं अडलं. मी म्हटलं, माझी गाडी आहे ना, आत झोपायला बाक आहे, शेगडी आहे, पंखा आहे, थेट मावशीच्या दारात नेऊन उभी करते, गाव बघत बसेल. पप्पांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. "ब्रेक कोण बघणार?" मी म्हटलं, "मीच. स्वतः उघडून." "मग मी बसने येतो," पप्पा म्हणाले. "तू ये मागून, तुझं घर घेऊन." आणि वर आणखी, "तू एका जागी चार महिने टिकत नाहीस. तुझे ब्रेक काय टिकणार?"

हसू नकोस. मला लागलं ते.

तर आज सकाळी गोरेगावला ब्रेक उघडले, दुपारी बंद केले, आणि आता भांडुपला आपल्या टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावून बसलेय. पप्पा जेवून आडवे झालेत. उठले की खाली येणार म्हणालेत. बसायला नाही, "बघायला". तोवर करायचं काय? नुसतं बसणं मला जमत नाही; शाळेत बाई विचारायच्या, तुझ्या बाकाला खिळे आहेत का गं? गाडीत शूटिंगच्या जुन्या कॉलशीटांचा गठ्ठा पडलाय. कोण किती वाजता येणार, कोणाला चहा बिनसाखरेचा, असलं सगळं छापलेलं. मागची बाजू कोरी, त्यावर लिहितेय. तुला लिहायचं असं काही सकाळी उठताना मनात नव्हतं. गॅरेजमध्ये एक गोष्ट घडली म्हणून लिहितेय. ती सांगतेच, पण आधी गाडी सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील, कसली गाडी, कोणाची, उचलून तर आणली नाहीस?

एका शाळेचा जुना टेम्पो होता, पोरं ने-आण करायचा. शाळेने नवा घेतला आणि हा कंपाउंडच्या भिंतीला टेकून पडून राहिला, वर कबुतरं, खाली मांजरं. मी त्याच्या सीटा काढल्या, बाक बसवला, पडदे लावले. अजूनही मागच्या पत्र्यावर कोणीतरी कर्कटकाने कोरलेलं आहे, 'गणित मुर्दाबाद'. ते मी मुद्दाम ठेवलंय. कॅराव्हॅन म्हणतात आता तिला. गोरेगावात स्टुडिओंच्या बाहेर हिरो-हिरोइनच्या मोठाल्या व्हॅनिटी उभ्या असतात ना, आरसेवाल्या, एसीवाल्या, माझी म्हणजे त्यांची गरीब चुलतबहीण. साबणाच्या जाहिरातीसाठी एका दिवसापुरती आलेली एखादी मुलगी असते, तिला साडी बदलायला आडोसा लागतो, तेव्हा मला बोलावतात. काम नसलं की मी सुटते. कोकण, गोवा, खाली कर्नाटकात नदीकाठी. शाळेचं विचारू नकोस. दहावी दुसऱ्या झटक्याला निघाली, बारावी मधेच सोडली. मग जुहूला गोळ्याच्या गाडीवर बर्फ किसला, लोकांची कुत्री फिरवली, आणि एका व्हॅनिटीवाल्याच्या यार्डात गाड्या धुवायला लागले. तिथे एक दिवस मेकॅनिकने माझ्यासमोर ब्रेकचा ड्रम उघडला आणि वास आला. तुझा वास. तू आंघोळ करून आलीस तरी तुझ्या केसांत थोडा उरायचा तो, जळकट, लोखंडी, थोडा उदबत्ती विझल्यासारखा. मी बादली हातात घेऊन तशीच उभी. मेकॅनिक म्हणाला, काय गं, भूत दिसलं काय? मी म्हटलं, दिसलं नाही, आलं.

तू ब्रेकच्या कामाला होतीस तो गाळा आता नाही. तिथे कुत्र्यांचं पार्लर झालंय. मी एकदा आत जाऊन आले, कुत्रं नव्हतं तरी. तुझं टेबल होतं तिथे एक पांढरं केसाळ पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, नुकतं धुतलेलं, थरथरत होतं. ती मुलगी विचारतेय, मॅडम तुमची अपॉइंटमेंट? आणि मी मनातल्या मनात सगळं परत जागेवर लावतेय. दारात ब्रेक शूंचा ढीग, चंद्रकोरीसारखे वाकलेले, तारेने जोडीजोडीने बांधलेले. मधे शेठचा पंखा, खिडकीकडे तोंड केलेला, तो तूच तसा फिरवून ठेवायचीस आणि शेठ रोज ओरडायचा, "बाई, हवा मला लागायला पाहिजे का बाहेरच्या झाडाला?" खिडकीखाली तू. साडीवर पप्पांचा जुना शर्ट, पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट गाठ. छिन्नीने झिजलेलं लायनर उडवायचं, त्या जागी नवं ठेवून रिबीट ठोकायच्या. चाकाच्या आत परातीसारखा ड्रम फिरत असतो, पाय दाबला की हे दोन शू फाकून त्याला आतून धरतात, आणि धरताना जे झिजतं ते हे लायनर. पाचवीत असताना तू मला ओंजळीत ओंजळ घालून दाखवलं होतंस. काम झालं की शूवर हातोडीच्या दांड्याने एक टिचकी. खणखणीत वाजला तर जोडीत जायचा. बद्द वाजला तर रिबीट ढिली, परत ठोका. ती टिचकी तू घरी पण घेऊन यायचीस. माठ, नारळ, तव्यावरची फुगलेली भाकरी, सगळ्याला टिचकी. माझ्या डोक्याला पण. "बद्द वाजतंय. अभ्यासाला बस."

नाही, तुझं सगळं बरोबरच असायचं असं काही नाही हं. तो घाट आठवतो? माहेराहून परत येत होतो, बस उतरणीला लागली होती, पप्पा माझ्यासाठी संत्रं सोलत होते, आणि तू एकदम उभी राहिलीस. "ओ ड्रायव्हरदादा! लायनर जळतंय! थांबवा!" अख्खी बस जागी झाली. बिचाऱ्याने वळणावर गाडी घेतली, कंडक्टर आणि तो खाली उतरले, चाकाचाकाशी वाकून वास घेतला, हात लावून बघितला. काही नाही. वास पुढच्या ट्रकचा होता. मागून एकजण म्हणाला, "बाई, तुम्हीच चालवा ना मग, आम्ही झोपतो!" पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले, आमचा काही संबंध नसल्यासारखे. तू खाली बसलीस, संत्र्याची फोड तोंडात टाकलीस, म्हणालीस, "चुकले तर चुकले. जळत असतं तर?" त्या दिवसापासून पप्पा कुठल्याही गाडीतून उतरले की एकदा हळूच चाकाकडे नाक नेतात. कोणी बघत नाहीये असं त्यांना वाटतं. मी बघते.

आता गॅरेजमधली गोष्ट. नाही, त्याच्या आधी अजून एक आहे, ती सांगितल्याशिवाय गॅरेजची कळणार नाही. आपल्या घरात सोवळं-ओवळं कधीच नव्हतं, कसं असेल, पण तुझ्यापुरतं होतं. तू कामावरून आलीस की मी धावत यायचे आणि तू दारातूनच हात पुढे करायचीस, "लांब. लांब राहा. अंगाला लागू नकोस." मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन, केस पिळून बाहेर आलीस की मग मी. तोवर माझा धावायचा मूड गेलेला असायचा. गाळ्याचा शर्ट आणि साडी वेगळ्या बादलीत, माझा फ्रॉक वेगळ्या. शेजारची काकू म्हणायची, "बाई गं, तुझं सोवळं तर बामणीणीच्या वर!" तू हसायचीस, पण बादल्या कधी एक झाल्या नाहीत. आणि फुंकर. चाळीत कोणाचं पोर पडलं की त्याची आई गुडघ्यावर फू-फू करायची. मी पडले की तू फडकं ओलं करून आणायचीस. दुधावर फुंकायचं नाही, वाटीत पसरून ठेवायचं. चूल धुमसली तर पुठ्ठ्याने वारा घालायचा. मला वाटायचं तुला फुंकर मारताच येत नाही, जशी काहींना शिट्टी येत नाही. मी तुझी कीव करायचे.

आणि मग तो डब्याचा दिवस. मी चौथीत. तुझा डबा घरी राहिला म्हणून पप्पांनी मला पाठवलं. गाळ्यात तू पलीकडे काहीतरी उचलतेयस, आणि माझ्यासमोर टेबलावर एक ड्रम उघडा पडलाय, आत तळाशी भुकटी, नाचणीच्या पिठाहून बारीक. इतकी मऊ भुकटी मी कधी पाहिली नव्हती. त्यात बोटाने मी माझं नाव काढायला घेतलं, पहिलंच अक्षर चुकलं, म्हणून पुसायला तोंड आत घातलं आणि जोरात फुंकलं. सगळं माझ्याच तोंडावर आलं. मी हसतेय, आणि तू आलीस आणि माझ्या कानाखाली अशी वाजवलीस की डबा खाली. मानगूट धरून नळाखाली नेलंस, डोळे, नाक, तोंड, "चूळ भर, थुंक, परत भर, थुंक", माझा युनिफॉर्म चिंब, शेठ म्हणतोय, "अगं पोरीला मारतेस काय, धूळच आहे ना." तू त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलंस तशी तू कोणाकडे बघितलेली मी पाहिली नाही, ना आधी, ना नंतर. त्यानंतर डबा फाटकावरच द्यायचा, आत यायचं नाही. तू मला मारलंस ते तेवढं एकदाच. मला वाटलं भुकटी महाग असेल. मग वाटलं, मी तुझ्या कामात लुडबूड केली म्हणून. मग वाटलं, तुला मी तिथे नकोच होते, मैत्रिणींसमोर लाज वाटते तशी काहीतरी. तू सांगितलं असतंस तर मी एवढं वाटून घेतलं नसतं.

पुढच्या रविवारी तू मला जुहूला नेलंस. आपण दोघीच, पप्पांना झोपू दिलं. भेळ घेतली, वाळूत बसलो, तू चपला हातात धरून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिलीस आणि मग एका माणसाकडून भिरभिरं घेतलंस, लाल-निळं, काडीवरचं. माझ्या हातात दिलंस. "फुंकायचंय ना तुला? ह्याच्यावर फुंक. पाहिजे तेवढं फुंक." मी रुसलेली होते, फुंकलं नाही. समुद्राच्या वाऱ्याने ते आपणच फिरायला लागलं आणि तू हसलीस, "बघ, ह्याला तर तुझी गरजच नाही." मग मी फुंकलं. तू मात्र नाही. मी तोंडासमोर धरलं तरी तू मान मागे घेतलीस आणि खोकलीस. तो खोकला तेव्हा छोटा होता.

त्याच्यापुढचं तुला मी काय सांगणार? टीबी म्हणाले, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी काही झालं नाही. मी नववीत होते. लोक म्हणाले आईविना पोर भरकटली. तसं काही नाही गं, पाय आधीपासूनच असे आहेत. फक्त थांबवणारं कोणी राहिलं नाही.

बरं, आज. गॅरेज माझ्या दोस्ताचं, स्टुडिओच्या मागच्या गल्लीत. त्याची जागा, माझे हात, असं आमचं चालतं. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक घेतला, मागचं चाक काढलं. ड्रम निघेना. गंजून बसला होता. कडेकडेने ठोकत, मागच्या भोकातून शू थोडे ढिले करून, दोघांनी मिळून हलवला तेव्हा कुठे आला बाहेर, आणि माझी बोटं पत्र्याला घासून सोलली. आत भुकटी. तीच, नाचणीहून बारीक. दोस्ताने नेहमीसारखा हवेचा पाइप ओढला, बंदूक आत धरली, म्हणाला, "सरक, हवा मारतो." आणि आई, माझा हात गेला. मी नाही काही केलं, हातच गेला. त्याच्या मनगटावर असा सपकन बसला की बंदूक खाली पडली, पाइप सापासारखा वळवळला, मांजर पळालं.

"ए! डोक्यावर पडलीस काय? हात तोडशील माझा!"

"आधी ओलं कर," मी म्हणाले.

"काय?"

"फुंकायचं नाही, हवा मारायची नाही. आधी ओलं कर, मग पूस. छातीत जातं ते."

"अगं, हल्लीच्या लायनरमध्ये नसतं ते जुनं अ‍ॅस्बेस्टॉस-बिस्बेस्टॉस, यार."

"गाडी हल्लीची आहे का? शाळेने कधी काय बसवलंय कोणाला माहीत. आणि तुझी छाती काय सुटी मिळते बाजारात?"

तो मनगट चोळत बसला. "मग तोंडाने सांगायचं ना! मारायचं कशाला?"

"सांगायला वेळ कुठे होता?" मी म्हणाले.

म्हणाले आणि तिथेच थांबले. हातात पाना तसाच. भुकटी वाईट असते हे मला यार्डापासून माहीत होतं. तिथल्या मेकॅनिकनेच सांगितलं होतं, तुझ्या खोकल्याचं पण माझ्या डोक्यात हळूहळू जुळलं होतं. पण ती थप्पड मी कधी त्याच्या शेजारी ठेवून बघितलीच नव्हती. ती वेगळ्या कप्प्यात होती, रुसव्याच्या. आज माझाच आवाज ऐकला तेव्हा ती तिथून निघाली. वेळ नव्हता गं तुला. माझं तोंड ड्रममध्ये होतं.

दोस्ताने विचारलं, "काय झालं? रडतेस काय? मार मी खाल्ला, रडतेस तू?" मी म्हटलं, "गप, पाणी आण."

मग सगळं तुझ्यासारखं केलं. खाली वर्तमानपत्र ओलं करून पसरलं, बाटलीने बारीक पाणी सोडत आतली भुकटी चिखलासारखी केली, फडक्याने पुसली, फडकं त्याच कागदात गुंडाळून पिशवीत बांधलं. लायनर बघितलं. रिबीटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं, म्हणजे आणखी थोडं चाललं असतं तर लोखंडावर लोखंड. नवे शू आणलेच होते. ब्रेकचं तेल ज्यातून येतं त्या सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघितली, कोरडी. ड्रमला आतून बोट फिरवलं, चीर नाही. नव्या शूला टिचकी मारली. खणखणीत. आखूड लायनरचा शू पुढे, लांब मागे. दुसरी बाजू पण लगेच उघडायला हात शिवशिवत होते, पण नाही उघडली. एक पूर्ण मिटल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, कुठली स्प्रिंग कुठे हे विसरलं तर दुसऱ्या चाकात डोकावता येतं. दोस्त म्हणाला, "आज एवढी शांत कशी तू? तब्येत बरी आहे ना?"

एक मात्र कळत नाही, आई. त्या क्षणी वेळ नव्हता, मान्य. पण नंतर? नंतर तर होता. संध्याकाळी होता, जुहूला होता, पुढची पाच वर्षं होता. एकदा सांगायचंस. मी काय

पप्पा येतायत उतरणीवरून. छत्री घेऊन, ऊन नाही पाऊस नाही तरी. थांब.

परत आले. दिवेलागण झालीय, वरच्या घरांतून फोडणीचे वास येतायत. सांगते.

पप्पांनी गाडीला एक चक्कर मारली. टायरला छत्रीने टोचलं. 'गणित मुर्दाबाद' वाचलं, नाक उडवलं. मग परीक्षा घेतल्यासारखं, "काय काय केलंस?" मी पाठ म्हणून दाखवलं सगळं. ते ऐकत होते, खाली बघत. मग म्हणाले, "आत फुंकलंस?"

"नाही. ओलं केलं आधी."

पप्पांनी मान वर केली. "कोणी सांगितलं तुला?"

"आईने."

"आईने कधी सांगितलं? तिने तर मला शपथ घातली होती, पोरीला सांगायचं नाही म्हणून."

कधी नव्हे ते मला थांबता आलं.

"तुला मारलं ना त्या दिवशी, तर घरी येऊन जेवली नाही ती," पप्पा म्हणाले. "मी म्हटलं, सांगून टाक पोरीला का मारलंस. तर म्हणे, सांगितलं तर तिला कळेल मी दिवसभर कशात बसते. मग ती शाळेत बसून माझ्या छातीचा विचार करेल. त्यापेक्षा रागावू दे माझ्यावर. राग जातो." पप्पांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, मग काम सोड. म्हणे, पोरगी दहावी होऊ दे." मग टायरच्या खाचेतला एक खडा त्यांनी छत्रीच्या टोकाने उकरला. "मी अजून जोरात म्हणायला पाहिजे होतं," म्हणाले.

"तिने ऐकलं असतं?"

"नसतं," पप्पा म्हणाले. "पण म्हणायला पाहिजे होतं."

मग स्वतःच गेले आणि पुढचं दार उघडून बसले. मी चावी शोधत होते तर समोरच्या काचेत दिसलं, मी डॅशबोर्डवर एक भिरभिरं खोचून ठेवलंय, कुठल्याशा जत्रेतलं, ते पप्पा बघत होते. इकडे तिकडे बघितलं, आणि हळूच एक फुंकर मारली त्याच्यावर. मी मुद्दाम आणखी थोडी चावी शोधली.

"कुठे नेऊ?" मी विचारलं.

"वर पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि मग खाली. सावकाश उतरव, कारण उद्याचा घाट काय आपला नातेवाईक नाही."

तुला आठवतोच तो उतार, टाकीपासून आपल्या गल्लीपर्यंत, रिक्षावाले पण तोंडातल्या तोंडात शिव्या देत चढतात. वर जाऊन गाडी वळवली. मधल्या उतारावर थांबून हँडब्रेक ओढला आणि पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. पप्पांचे दोन्ही पाय मात्र जमिनीवर घट्ट दाबलेले, जणू त्यांच्या बाजूला पण एक ब्रेक आहे. "पप्पा, सोडा, मी धरलीय," मी म्हटलं. "तू धर, मी पण धरतो," ते म्हणाले. मग उतरलो आम्ही, खालच्या गियरमध्ये. वळणावर एक बाई पाण्याची कळशी घेऊन मधेच आली, मी दाबला, गाडी सरळच्या सरळ थांबली, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बाई म्हणाली, "काय गं, आत पलंग बिलंग आहे काय?" पप्पा म्हणाले, "आहे. शेगडी पण आहे." असे म्हणाले, आई, जसं काही त्यांनीच बसवलंय.

खाली आल्यावर ते उतरले आणि मागच्या चाकाशी गेले. या वेळी लपवलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि दोन्ही बाजूंना नाक नेऊन नीट वास घेतला. पानवाला ओरडला, "काका, काही पडलं काय?"

"वास बघतोय."

"कसला?"

"नाहीये," पप्पा म्हणाले, आणि सरळ झाले. मला म्हणाले, "सहाला निघू. डबा मी करतो."

मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. सकाळी सोललेली, वर काळं, मधे लाल. त्यांनी माझा हात धरला, तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला फुंकायला, आणि थांबले. तसेच. मग गाडीतली बाटली घेतली, आपला रुमाल ओला केला आणि एक-एक बोट पुसलं, सावकाश, तुझ्यासारखं नाही, तू भराभर पुसायचीस. "झोंबतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे."

आता पप्पा वर गेलेत, भाजी कापत असतील. मला पण जायला हवं. हे कागद कुठे पाठवायचे असा प्रश्नच नाही, ते गाडीतच राहतील, बाकाखाली. घाट उतरून आलो की परत एकदा ड्रम उघडून नवं लायनर नीट बसलंय का बघायचं असतं, तेव्हा खाली ओला कागद लागेल. हेच अंथरेन. शाई पसरेल, पसरू दे. भुकटी धरण्यापुरते कामाला येतील.

आणि एक. माझा गुडघा फुटला की तू ओलं फडकं लावून विचारायचीस, झोंबतंय का, आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. झोंबायचं गं. फार झोंबायचं.